१.३ मल्टीजेट डिझेल: गोव्यातला पावसाळा आणि घाट काढल्यानंतरचा अनुभव

सेकंडहँड बाजारात छोटी डिझेल गाडी शोधायला निघालात की फिरून फिरून एकाच इंजिनापाशी येता: फियाटचं १२४८ सीसीचं मल्टीजेट. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, पुंटो, लिनिया, व्हिस्टा, मांझा, पुढे झेस्ट आणि ब्रेझा, सगळ्यांच्या बॉनेटखाली मूळ इंजिन एकच. एप्रिल २०२० मध्ये बीएस६ (धुराचे कडक नियम) लागू झाले आणि ते बंद पडलं, त्यामुळे आता मिळेल ती गाडी जुनीच. इथे लिहिलंय ते दुसऱ्या पिढीच्या स्विफ्टमधल्या ७५ पीएसच्या (पीएस म्हणजे अश्वशक्ती) इंजिनाबद्दल. पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेली गाडी आता कडक उन्हाळ्यात रोज चालतेय.

माझं मत आधीच सांगतो. इंजिन चांगलं आहे, पण तेलाच्या बाबतीत ते हयगय अजिबात सहन करत नाही. लोक या इंजिनाबद्दल ज्या तक्रारी करतात, त्यातल्या मोठ्या तक्रारींचं मूळ तेलातच सापडतं.

आकडे असे: बोअर ६९.६ मिमी, स्ट्रोक ८२ मिमी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, वर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल. ताकद ७५ पीएस ४००० आरपीएमला, टॉर्क १९० एनएम २००० आरपीएमला. अर्टिगा, सियाझ, ब्रेझा यांत ९० पीएस आणि २०० एनएमचं रूप आहे. त्यात व्हीजीटी, म्हणजे पाती हलणारा टर्बो येतो. ७५ पीएसच्या इंजिनात टर्बो साधा, पाती स्थिर. व्हॉल्व्हचे टॅपेट हायड्रॉलिक आहेत, म्हणजे तेलाच्या दाबाने स्वतःच फट भरून काढतात, म्हणून टॅपेट सेटिंग नावाचं काम इथे नाहीच. कोणी गॅरेजवाला त्याचे पैसे सांगत असेल तर दुसरं गॅरेज बघा.

१८०० आरपीएमच्या खाली हे इंजिन निजल्यासारखं वाटतं, २००० ला एकदम जागं होतं. सपाट रस्त्यावर, झुआरी पुलाकडून मडगावला जाताना, याचा काही त्रास नाही. चोर्ला घाटात मात्र कळतं. वळणावर वेग उतरला, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये १३००-१४०० वर आली आणि आत चारजण व एसी चालू असला की ॲक्सिलरेटर कितीही दाबा, ती ओढत नाही, नुसता धूर टाकते. तिथे सरळ पहिला टाकायचा. कमी आरपीएमला जोर लावत राहिलं की काजळी वाढते आणि क्लचचंही आयुष्य कमी होतं. अनमोडला आणि काणकोणच्या करमळ घाटातही हेच. घाट चढून वर गाडी थांबवलीत तर इंजिन लगेच बंद करू नका, अर्धा-एक मिनिट आयडलवर राहू द्या. टर्बोच्या शाफ्टला बेअरिंगमधल्या तेलाचाच आधार असतो. तापलेल्या टर्बोत तेलाचा प्रवाह अचानक थांबला की आतलं तेल जळून कोळसा धरतं.

ॲव्हरेजबद्दल: एआरएआयचा (सरकारमान्य चाचणीचा) आकडा लिटरला २२.९ किमी, २०१४ च्या फेसलिफ्टनंतर २५.२. प्रत्यक्षात पणजी-पर्वरीच्या गर्दीत एसी लावून १५-१६ आणि हायवेवर शांतपणे चालवली तर २० च्या आसपास मिळतं. हायवेवरही १६ च्या वर जात नसेल तर आधी थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) बघा. तो उघडाच अडकला की इंजिन पुरतं तापत नाही, डिझेल जास्त जातं, आणि तापमानाचा काटा नसलेल्या गाडीत डॅशबोर्डवर त्याचा पत्ताही लागत नाही. ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा) छोटा स्कॅनर लावून कूलंटचं तापमान वाचा. वीसेक मिनिटं चालवूनही ते ७० अंशांच्या खालीच घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट गेला.

आता तेल आणि टायमिंग चेन, म्हणजे क्रँकशी वेळ जुळवून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी. या इंजिनाला बेल्ट नाही, बारीक एकपदरी चेन आहे, आणि "चेन म्हणजे आयुष्यभराची" असं विकणारे सांगतात. ते अर्धसत्य आहे. चेनचा ताण धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. फिल्टरसकट इंजिनात तेल मावतं सव्वातीन लिटरच्या आत. एवढ्याशा तेलावर चेन, टेन्शनर, हायड्रॉलिक टॅपेट आणि टर्बो असे चौघे जगतात. त्यातलं लिटरभर कमी झालं किंवा बदलायची तारीख उलटून ते काजळीने जड झालं की टेन्शनर सैल पडतो, चेन गाईडवर आपटते, हळूहळू वाढते आणि एक दिवस दात सोडते. दात सोडल्यावर बऱ्याचदा आधी रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे छोटे हात) तुटतात आणि व्हॉल्व्ह वाचतात. नशीब नसेल तर व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं.

लक्षणं ऐकून ओळखता येतात. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी पहिला स्टार्ट द्या, बॉनेट उघडं ठेवून. एक-दोन सेकंद खडखड होऊन थांबली तर टेन्शनरमध्ये तेल भरेपर्यंतचा तो आवाज आहे, लक्ष ठेवा. गरम झाल्यावरही आयडलला साखळी ओढल्यासारखी घरघर येत राहिली तर काम पुढे ढकलू नका. स्कॅनरवर पी००१६ कोड, म्हणजे क्रँक आणि कॅमची वेळ जुळत नाही, हा तर शेवटचा इशारा.

चेन बदलताना नुसती चेन घालून भागत नाही. टेन्शनर, दोन्ही गाईड आणि दात असलेली चक्रं असा पूर्ण किट घ्या. कॅम लॉक करायची टूल ज्याच्याकडे आहेत त्यालाच काम द्या. खुणा मारून, अंदाजाने टायमिंग लावणारा कितीही हुशार असला तरी या इंजिनावर नको. पुढचं कव्हर आणि चेंबर (खालचं तेलाचं भांडं) उघडणारच, तर त्याच वेळी चेंबरमधली तेल ओढणारी जाळी साफ करून घ्या. तिथे गाळ बसलेला असतो.

कंपनीचं वेळापत्रक १० हजार किमी किंवा एक वर्षाचं आहे. गोव्यात छोट्या फेऱ्या, दमट हवा आणि घाट लक्षात घेता ७-८ हजारांवर बदललेलं बरं. ५डब्ल्यू-३० सिंथेटिक वापरा, जाड तेल टाकून आवाज दाबायचा प्रयत्न करू नका. फिल्टर कागदी काडतुसाचा असतो, त्याच्या झाकणाची ओ-रिंग (रबरी कडी) दर वेळी नवी. ड्रेन प्लगचा वॉशरही नवा. जुनी ओ-रिंग परत बसवली की तिथून झिरपतं आणि ते तेल खाली येईपर्यंत कोणाच्या नजरेस पडत नाही. डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) दर पंधरवड्याला, सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी बघा. बदललेलं तेल दोन दिवसांत काळं पडलं म्हणून घाबरू नका, डिझेलचं ते पडतंच.

दुसरा नेहमीचा त्रास ईजीआरचा, म्हणजे थोडा धूर परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा. घरापासून बाजार, बाजारापासून ऑफिस अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत तो हमखास येतो. इंजिन गरम होण्याआधीच बंद होतं, काजळी आणि क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ मिळून इनटेकमध्ये डांबरासारखा थर बसतो. मग आयडल थरथरतं, काळा धूर येतो, कधी गाडी लिंप मोडला जाते, म्हणजे स्वतःला वाचवायला जोर कमी करते. कोड बहुधा पी०४०१. व्हॉल्व्ह उतरवून कार्ब क्लिनरने धुता येतो, पण फवारा विजेच्या भागावर जाऊ देऊ नका आणि बसवताना गॅसकेट नवं घाला. सोबत मॅप सेन्सरचं (इनटेकमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरचं) टोकही पुसून घ्या. पत्रा लावून ईजीआर बंद करून देणारे भेटतात. तसं करू नका, ते बेकायदा आहे आणि हवेत सोडलेला तो धूर आपल्याच गल्लीतले लोक घेतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेवर, चौथ्या गिअरमध्ये २५०० च्या पुढे ठेवून चालवा.

जोर अचानक कमी झाला आणि शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर टर्बो गेला असं लगेच धरून चालू नका. टर्बोकडून इनटेककडे जाणारे रबरी होज क्लिपपाशी चिरतात. हाताने पिळून बघा, खालच्या अंगाला तेलकट ओल दिसेल. थोडी ओल चालते, चीर नाही. पी०२९९ (टर्बोचा दाब कमी) कोडवर सरळ टर्बो बदलायला सांगितलं तर आधी होज तपासायला लावा.

इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा वॉशर असतो. तो गळू लागला की फसफस आवाज येतो, केबिनमध्ये धुराचा वास येतो आणि इंजेक्टरभोवती काळी टणक पपडी धरते. वेळेवर वॉशर बदलला तर काम स्वस्तात होतं. वर्षभर तसंच चालवलं तर इंजेक्टर बाहेर काढायलाच अर्धा दिवस जातो.

गोव्याच्या पावसाळ्याचे त्रास वेगळे. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साठतं. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा खालचा स्क्रू थोडा सैल करून पाऊण कप डिझेल काचेच्या बाटलीत काढा आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी खाली वेगळं दिसतं. ते पंपापर्यंत पोचलं तर पंप आणि इंजेक्टर दोन्ही गंजतात, आणि ती दुरुस्ती चेनपेक्षाही महाग पडू शकते. टाकी निम्म्याच्या वर ठेवा, आत ओल कमी धरते.

साचलेल्या पाण्यातून गाडी घालताना हवा ओढणारं तोंड कुठे आहे ते आधी बॉनेट उघडून बघून ठेवा. डिझेलचं कॉम्प्रेशन इतकं जास्त असतं की थोडंसं पाणी सिलिंडरमध्ये गेलं तरी कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. ढकलून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडा; तो भिजलेला असेल तर टो करूनच न्या.

सांखळी, डिचोली, कुडचडे या खनिज ट्रकांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी एअर फिल्टर दर पाच हजारांवर उघडून बघावा. लाल धूळ कागदात गच्च बसते आणि झटकून निघत नाही. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी आणि रोज फेरीबोटीने ये-जा करणाऱ्यांनी बॅटरीचं अर्थिंग, ग्लो प्लगच्या (थंड इंजिन सुरू व्हायला सिलिंडर तापवणाऱ्या प्लगच्या) वायरी आणि सेन्सरचे प्लग वर्षातून एकदा काढून साफ करावेत. इथे थंडी नसल्याने एखादा ग्लो प्लग मेला तरी गाडी सुरू होते आणि कळतच नाही. जानेवारीत पहाटे स्टार्टला पांढरा धूर आणि थरथर दिसली तर मीटरने एकेक प्लग तपासा. काढताना इंजिन गरम हवं आणि पाना हलका, नाहीतर प्लग हेडमध्येच तुटतो.

दिल्लीत डिझेल गाड्यांसाठी दहा वर्षांच्या मर्यादेचा नियम आला, तसा इथे नाही, पंधरा वर्षांनी फिटनेस करून पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं. घ्यायला जाताना विकणाऱ्याला सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर थंड स्टार्ट मुद्दाम लपवलाय असं समजा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. आयडलवर तेलाचं झाकण सैल करा, भकाभका वाफ येत असेल तर पिस्टनच्या रिंग झिजल्यात. सर्व्हिसची बिलं मागा, आणि त्यांत किलोमीटरपेक्षा तेल बदलल्याच्या तारखा बघा. दीड लाख किलोमीटर झालेली, दर वर्षी तेल बदललेली गाडी मी घेईन. साठ हजार झालेली पण तीन वर्षं तेच तेल ठेवून दारात उभी असलेली घेणार नाही.