गोठ्याचं वर्कशॉप करायला गेलो आणि आजोबांचा सागवान घालवून बसलो

सरपणाला कोणी गोणपाट गुंडाळतं का? हा प्रश्न मला मे महिन्यात, माझ्याच अंगणात उभा असताना पडायला हवा होता. पडला नाही.

पाटण तालुक्यात आमच्या घरामागे आजोबांनी बांधलेला गोठा आहे. जनावरं विकल्यापासून रिकामाच होता. पुण्यात टूलरूममध्ये 31 वर्षं काढून गावी आलो, तेव्हा मनाशी ठरवलं होतं की गव्हाण काढायची, कोबा करायचा, छोटा लेथ आणि ड्रिल मशीन बसवायचं. साधा बुश, म्हणजे आसावर बसणारी धातूची छोटी नळी, बनवायचा तरी इकडच्या माणसाला कराड गाठावं लागतं.

ठेकेदार ओळखीतूनच आला. शेजारच्या गावात त्याने उभ्या केलेल्या दोन शेड मी स्वतः पाहून आलो होतो, डोळे झाकून काम दिलेलं नाही. छप्पर, लोखंडी ट्रस, कोबा मिळून 2,85,000 ठरले. सुरुवातीला 50,000 मोबाइलवरून दिले. कौलं उतरल्यावर 70,000 रोख मागितले, तेही दिले. पावती नाही. "काका, पावतीचं काय, मी कुठं पळून चाललोय?" असं तो म्हणाला. रोख देऊ नका. दिलेच तर वहीत त्याची सही घ्या, तो कितीही दुखावला तरी.

मग त्याने एका वाशाला पटाशी लावली, भुरभुर पीठ पाडून दाखवलं आणि म्हणाला, "सगळं वाळवीनं खाल्लंय, सरपणाच्या लायकीचं. उद्या लेथवर कोसळलं तर?" ती भीती मला पटली. आता कळतं, वाळवी मातीचे पापुद्रे करते, पीठ भुंगा पाडतो. शिवाय पटाशी लावली ती आडजातीच्या वाशाला. सागाच्या तुळयांना त्याने हातही लावला नव्हता. मी लोखंडातला माणूस, मला लाकडातलं एवढं कळत नव्हतं. पण तुळई खाली टेकवली तेव्हा ती खणखणीत वाजली होती. तो आवाज मी ऐकला. चार माणसांनी तिच्या कडांना गोणपाट बांधलं, वर ताडपत्री घातली. आमची ही दारातून म्हणाली, "एवढं जपून का नेतायत?" मीच तिला गप्प केलं.

वर टेम्पोचं भाडं म्हणून 4,500 रुपये मीच दिले.

चार तुळया, 12 फुटी, 8 बाय 6 इंच. सहा खांब, 8 फुटी, 6 बाय 6. हिशेब 28 घनफूट. नंतर कराडच्या वखारीत विचारलं, जुन्या सागाला 2,800 रुपये घनफूट भाव सांगितला. म्हणजे 78,400 रुपयांचं लाकूड गेलं. जुनं घर, गोठा, वाडा उतरवणार असाल तर आधी वखारवाल्याला दाखवा आणि लाकूड तुमच्याच अंगणात रचून ठेवा.

बदल्यात 16 पत्रे आले. ठरले होते 0.50 मिलिमीटरचे, मायक्रोमीटर लावला तर 0.35. हे विचारायला फोन केला त्या दिवसापासून त्याचे मजूर लग्नाला गेले ते गेलेच. पाटणचा पाऊस कुणासाठी थांबत नाही. जूनमध्ये उघड्या मातीच्या भिंतींपैकी मागची बसली.

पोलीस ठाण्यात पाच वेळा गेलो. पहिल्यांदा म्हणाले, ही दिवाणी बाब, कोर्टात जा. दुसऱ्यांदा, "लाकूड तुम्हीच दिलंत, भाडंही तुम्हीच दिलंत, मग चोरी कसली?" अहो, खोटं सांगून काढून घेतलं, त्यालाच फसवणूक म्हणतात ना! भारतीय न्याय संहितेचं कलम 318 मी तोंडावर सांगितलं, तर "वकील आहात का?" तिसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला. चौथ्यांदा आधीचा अर्जच सापडेना. पाचव्यांदा अदखलपात्र नोंद करून, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत अशी, हातात कागद दिला. ग्रामपंचायतीत गेलो तर, तो आपल्या गावचा नाही. 31 वर्षं कर भरलेल्या माणसाला बाकड्यावर तीन-तीन तास बसवून ठेवतात आणि त्या माणसाचा टेम्पो त्याच रस्त्यावरून फिरतो.

अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर पोच घ्या. माझ्याकडे ती नव्हती. ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर टपालाने पाठवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही, हे मला कुठल्याही कार्यालयात कुणी सांगितलं नाही.

कामापूर्वी काढलेला एकच फोटो आहे, नातवाचा. त्यात मागे दोन तुळया स्पष्ट दिसतात. तो मोठा करून आयोगाच्या तक्रारीला जोडलाय. सोमवारी साताऱ्याला जातोय.