जर्मन शिकताना बर्लिन कसं फिरावं: काही महिने वापरून पाहिल्यावर

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात आणि आजूबाजूला जर्मन शिकणारी पोरं-पोरी सध्या खूप वाढली आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नर्सिंग आणि आयटीआय झालेले कितीतरी जण ए-वन, ए-टूच्या (भाषेच्या पहिल्या दोन पातळ्या) क्लासला जातात. मी २०२५ मध्ये भाषेच्या कोर्ससाठी बर्लिनला होते. आता घरी आहे, आणि भेटेल तो विचारतो, "ताई, क्लास सुटल्यावर तिथं फिरत कशा होत्या?" म्हणून जे जे वापरलं ते इथं लिहिते.

माझं मत आधीच सांगते. भाषा शिकणाऱ्यानं शहर नुसतं बघायला जाऊ नये, काहीतरी काम घेऊन जावं. बर्लिनमध्ये खरी अडचण वेगळीच आहे. मिटं, नॉयक्यॉल्न अशा भागांतल्या कॅफेत तुम्ही जर्मन बोलताना जरा अडखळलात की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो. महिनोन्‌महिने तिथं राहून ए-टूच्या पुढे न सरकलेले लोक मी पाहिले. त्यामुळे प्रत्येक साधनाला मी एकच प्रश्न लावला: यानं मला जर्मन बोलावं, ऐकावं किंवा वाचावं लागतं का?

सगळ्यात आधी डॉयचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारं महिन्याचं तिकीट, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. हे मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ युरो होतं, जानेवारी २०२६ पासून ६३ झालं आहे. मी होते तेव्हा महिन्याला साडेपाच-सहा हजार रुपये पडायचे, म्हणजे आपल्याला जडच. पण बर्लिनमध्ये एकेरी तिकीट तेव्हा ३.८० युरो होतं, त्यामुळे रोज जाणं-येणं असलं की हिशेब सरळ आहे. देशभरातल्या बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्यांत ते चालतं. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत चालत नाही. बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे आपल्या एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पासच झाला ना वं, फक्त महिन्याचा!" बरोबर तेच. दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. ही वर्गणी आहे, आपणहून बंद करेपर्यंत पैसे कटत राहतात, आणि त्या महिन्याअखेर बंद करायची तर साधारण १० तारखेच्या आत कळवावं लागतं. दुसरं, विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरचं स्वस्त तिकीट मिळतं, नुसत्या भाषाशाळेच्या विद्यार्थ्याला ते मिळत नाही. स्टेशनवर दांडे-फाटक काही नसतं, कुणीही आत जातो. साध्या कपड्यातले तपासनीस मात्र मध्येच डब्यात चढतात आणि विनातिकीट सापडलात तर ६० युरो दंड.

महिन्याच्या तिकिटाचा खरा फायदा असा की मनात येईल तिथं उतरता येतं.

पहिल्या आठवड्यासाठी १०० नंबरची बस घ्या. बर्लिनची भिंत पडल्यावर १९९० मध्ये सुरू झालेली ही बस पूर्व आणि पश्चिम भाग जोडते. झू स्टेशनापासून अलेक्झांडरप्लाट्झपर्यंत जाते. दुमजली गाडीत वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर विजयस्तंभ, राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान, राइश्टाग ही संसदेची इमारत, ऊंटर डेन लिंडेन हा रस्ता हे सगळं एका दमात दिसतं. भाषेसाठी मात्र फारसा उपयोग नाही. एकदा-दोनदा बसा, पुरे.

रिंगबान या गोल फिरणाऱ्या लोकलचं तसं नाही. एस-४१ घड्याळाच्या दिशेनं, एस-४२ उलट दिशेनं, शहराभोवती ३७ किलोमीटरचा फेरा साधारण एका तासात. ऐकण्याच्या सरावाला याहून चांगलं काही मला सापडलं नाही. स्टेशनांची नावं तीच, घोषणा त्याच, बोलणारा आवाज स्पष्ट. पाठ होईपर्यंत ऐका. मी गृहपाठाची वही घेऊन बसायची.

आणि या गाडीच्या खिडकीतूनच मला रुळांलगतच्या छोट्या बागा दिसल्या. लाकडी खोपटं, वाफे, टोमॅटोला लावलेल्या काड्या. यांना क्लाइनगार्टन म्हणतात. बर्लिनमध्ये असे सुमारे ७० हजार तुकडे आहेत. कायद्यानं एक तुकडा ४०० चौरस मीटरपेक्षा मोठा असू नये, म्हणजे आपल्या सातबाऱ्याच्या हिशेबात चार आर. खोपटं २४ चौरस मीटरच्या आत, आणि निदान तिसऱ्या हिश्श्यात फळं-भाजी लावलीच पाहिजे. दिवसा मधल्या वाटांवरून बाहेरच्या माणसालाही सहसा चालत जाता येतं. मी जात राहिले. कुंपणापलीकडे म्हातारे-म्हाताऱ्या निंदण करत असतात. "हालो" म्हटलं की मान वर होते, आणि टोमॅटोबद्दल विचारलं की माणूस मोकळा होतो. पूर्व बर्लिनमधल्या त्या पिढीला शाळेत रशियन सक्तीची होती, त्यामुळे त्यांच्यातले बरेच जण इंग्रजीवर घसरत नाहीत, शांतपणे जर्मनच बोलतात. एका आजींना आमच्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी टाकतात हे समजावून सांगताना मी जितकं जर्मन बोलले तितकं वर्गात आठवडाभरात बोलले नसेन. माती, पाऊस, शेणखत, गोगलगायी... वावरात वाढलेल्या पोरांकडे हे विषय भरपूर असतात, ते वापरा. फक्त कुणाच्या फाटकाच्या आत आपणहून पाय टाकू नका.

माझ्या यादीत दुसरा नंबर मायबाखउफरच्या तुर्की बाजाराचा. कालव्याच्या काठी मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो. भेंडी, कोथिंबीर, पुदिना, वांगी मिळतात. संध्याकाळी आवरायच्या वेळी विक्रेते ओरडून भाव पाडतात. आपल्या आठवडी बाजारात घासाघीस केलेल्याला इथं आकडे आपोआप पाठ होतात, आणि जर्मन आकडे अवघडच असतात, एकवीसला आपल्यासारखंच "एक-आणि-वीस". रविवारी दुकानं बंद, म्हणून शुक्रवारचा बाजार तसाही सोयीचा.

वाचनासाठी एक साधन अगदी पायाखाली आहे आणि फुकट आहे. फुटपाथवर घरांसमोर दहा सेंटीमीटरचे पितळी चौकोन बसवलेले दिसतात, नाझींच्या अत्याचाराला बळी पडलेल्यांच्या आठवणीचे, श्टोल्परश्टाइनं. कलाकार गुंटर डेमनिश यांनी सुरू केलेलं हे काम, बर्लिनमध्ये पहिले दगड १९९६ मध्ये क्रॉइट्झबेर्गमध्ये बसले. "इथे राहत होते", मग नाव, जन्मवर्ष, कोणत्या साली कुठे नेलं, आणि बऱ्याचदा शेवटी "खून झाला". ए-वनचा विद्यार्थीही हे वाचू शकतो. एका दारापुढे आई, वडील आणि लहान लेकराचे दगड शेजारी-शेजारी असतात. वाकून वाचा. शब्द सोपे आहेत, वाचून पुढे निघणं सोपं नाही. त्याच ओघात बेर्नाउअर श्ट्रासंचं भिंतीचं स्मारकही पाहा, प्रवेश मोफत. १३ ऑगस्ट १९६१ ला भिंत उभी राहू लागली तेव्हा त्या रस्त्यावरची घरं एका बाजूला आणि फुटपाथ दुसऱ्या बाजूला गेला होता.

मराठी माणसानं बर्लिनच्या दालेम भागातही जावं. यू-३ मेट्रोनं फ्रायं उनिव्हर्सिटेट स्टेशनावर उतरलं की ईनंश्ट्रासं जवळच आहे. तिथल्या २२ नंबरच्या इमारतीत तेव्हा मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था होती, आणि इरावती कर्वे यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस तिथं पीएचडीचं संशोधन केलं. कवटीच्या आकारावरून युरोपीय वंश श्रेष्ठ ठरवू पाहणाऱ्या ऑइगन फिशरच्या हाताखाली काम करत असताना, मोजमापांतून तसं काही सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. परक्या देशात, परक्या भाषेत, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध. त्या दारापुढे उभी राहिले तेव्हा अंगावर काटा आला. वर्गात "माझा शनिवार" यावर बोलायला सांगितलं तेव्हा मी हीच गोष्ट सांगितली.

जे पटलं नाही तेही सांगते. पायी फिरवणाऱ्या "मोफत" सहली शेवटी बक्षिशीवर चालतात आणि बहुतेक इंग्रजीत असतात. जर्मन सहल शोधून घेतली तरच उपयोग. भाड्याच्या सायकलींच्या एका अ‍ॅपनं फेरी संपवल्यावरही मीटर चालूच ठेवला आणि पैसे परत मिळायला बरेच मेल लिहावे लागले. शहर सपाट आहे, सायकल उत्तमच, पण राहायचं काही महिने असेल तर जुनी विकत घ्या. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, त्या दिवसांत बागा ओस पडतात. तेव्हा ग्रंथालयांतले श्प्राखकाफे कामाला येतात, तिथं शिकणारे आणि स्थानिक लोक गप्पा मारायला बसतात. हाल्लेशेस टोरजवळचं १९५४चं अमेरिका-गेडेंकबिब्लिओटेक माझं आवडतं.

बाडेन-व्युर्टेंबर्गला जाणाऱ्यांनी बर्लिनच्या ठिकाणांची नावं सोडून द्या. तिकीट श्टुटगार्टलाही हेच चालतं, पितळी दगड तिथल्या फुटपाथवरही आहेत, आणि बागा तर जवळपास प्रत्येक शहरात. जाण्याआधी भाज्यांची, अवजारांची आणि खतांची जर्मन नावं पाठ करून जा. आर्वी, आष्टी, कारंजा भागातल्या कुणाला हवी असतील तर माझी यादी मी देईन.