हातातला रिफ्रॅक्टोमीटर : वाइनच्या द्राक्षबागेतले तीन हंगाम

काचेला डोळा लावला की वर निळा रंग, खाली पांढरा, आणि दोघांच्या मधली रेघ एखाद्या आकड्यावर थांबलेली. गेले तीन हंगाम मण्यांत पाणी उतरल्यापासून काढणीपर्यंत आमची सकाळ या रेघेने सुरू होते. बाग लहान आहे, 22 ओळी आणि साधारण 900 वेली, सगळी काळी वाइनची जात. काम मी आणि माझी मोठी बहीण मिळून बघतो. ताई पिशवीतले मणी चुरते आणि वही लिहिते, मी आकडा वाचतो.

रसातली साखर मोजणारं हे उपकरण आहे 0 ते 32 ब्रिक्सचं, हातात मावणारं, 0.2 च्या खुणा असलेलं. याच बांधणीचं उपकरण अनेक नावांनी विकलं जातं, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. आधी निकाल सांगतो: वाइनची द्राक्षं लावणाऱ्याने छाटणीच्या कात्रीनंतर लगेच घ्यावी अशी ही वस्तू आहे. फक्त ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे पहिल्या दिवसापासून माहीत हवं. मला ते एक हंगाम उलटून गेल्यावर कळलं.

ब्रिक्स म्हणजे 100 ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर, असं ढोबळपणे धरायचं. रसात साखर जास्त तेवढा प्रकाश जास्त वळतो आणि रेघ वर सरकते. एर्न्स्ट आबे यांनी 1874 मध्ये ज्या रिफ्रॅक्टोमीटरची माहिती प्रसिद्ध केली, त्याच्यामागेही हेच तत्त्व होतं. त्यामुळे बॅटरी नाही, बिघडण्यासारखं फारसं काही नाही. काळ्या जाती साधारण 23 ते 25 वर काढतात, पांढऱ्या थोड्या आधी. एक ब्रिक्स म्हणजे तयार वाइनमध्ये अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त अल्कोहोल, म्हणून दोन अंशांची चूक किरकोळ नसते.

पहिल्या वर्षी मी नेमकी तेवढीच चूक केली. ओळीतून चालताना हाताला येईल तो मणी तोडायचा आणि काचेवर पिळायचा. आकडा आला 24. काढणी केली, आणि सगळा माल चुरल्यावर टाकीतल्या रसाचा आकडा निघाला 21.8. उपकरण खोटं बोलत नव्हतं. माझा हात उन्हातल्या घडाकडे आणि त्याच्या खांद्यावरच्या टपोऱ्या मण्याकडेच जात होता. घडाचं टोक मागे असतं, पानाआडचे घड त्याहून मागे. त्या वर्षीची वाइन पातळ झाली आणि त्याची हळहळ मला अजून आहे.

आता नमुना असा घेतो. कडेच्या ओळी आणि ओळीतल्या टोकाच्या वेली सोडायच्या. ओळीच्या दोन्ही अंगांनी चालायचं, घडाचा वरचा, मधला आणि टोकाचा मणी पाळीपाळीने घ्यायचा, आणि तोडताना घडाकडे बघायचं नाही. एका भागातून निदान शंभर मणी. ते पिशवीत नीट चुरायचे, रस ढवळायचा, मग दोन-तीन थेंब. वेळ रोज तीच, ऊन चढायच्या आत. पाऊस पडून गेला की दोन दिवस आकडा खाली येतो, कारण मणी पाणी ओढतात. उलट मणी सुरकुतू लागले की आकडा चढतो, पण साखर वाढलेली नसते, पाणी उडालेलं असतं. हे समजल्यापासून एका सकाळच्या आकड्यावर मी कुठलाच निर्णय घेत नाही.

वापरायला सोपं आहे, पण शिस्त लागते. रोज सुरुवातीला डिस्टिल्ड पाण्याचा थेंब टाकून रेघ शून्यावर आहे का ते बघायचं, नसेल तर सोबतच्या छोट्या पेचकसाने स्क्रू फिरवायचा. झाकणपट्टी खाली टेकवताना बुडबुडा राहू द्यायचा नाही. थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबायचं. तापमानाची भरपाई आपोआप होते असं डब्यावर लिहिलेलं असतं, पण ती साधारण 10 ते 30 अंश सेल्सिअसपुरतीच. भर दुपारी तापलेलं उपकरण हातात घेऊन वाचलेल्या आकड्यावर विसंबू नये. आधीचा रस काचेवर सुकला असेल तर पुढचा आकडा वर जातो, पुसताना पाणी राहिलं तर खाली येतो.

तक्रारी दोन. झाकणपट्टीची बिजागरी प्लास्टिकची आहे आणि दुसऱ्या हंगामात ती सैल झाली. पट्टी नीट बसली नाही की रेघ अंधुक दिसते. दुसरी तक्रार जास्त गंभीर. एकदा घाईत मी हे नळाखाली धरून धुतलं, आत ओल गेली आणि आठवडाभर काच धुरकट राहिली. पाण्यात बुडवू नका हे माहितीपत्रकात अगदी बारीक अक्षरांत होतं, ते डब्यावर ठळक हवं. तेव्हापासून ओल्या मऊ कापडाने पुसतो, मग कोरड्या.

आणि एक मर्यादा, जिला तक्रार म्हणता येणार नाही. हे यंत्र साखर सांगतं, पक्वता नाही. रात्री उष्ण गेल्या की मॅलिक आम्ल झपाट्याने घटतं, पीएच चढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो, आणि आकडा 23 दाखवत असला तरी रस बेचव होऊ लागतो. त्यासाठी पीएच मीटर वेगळा ठेवावाच लागतो. बी चावून बघावी लागते, हिरवी आहे का तपकिरी, कुरकुरीत झाली आहे का. रस आंबू लागल्यावर तर हे उपकरण डब्यात ठेवून द्यावं. अल्कोहोल मिसळलं की नुसता आकडा फसवतो, तिथे रसाची घनता मोजणारा हायड्रोमीटर लागतो.

एवढं असूनही मी याला पाच पैकी साडेचार देतो, ते काढणीमुळे नव्हे. ताईच्या वहीमुळे.

दुसऱ्या हंगामापासून ती आकडे ओळीप्रमाणे लिहायला लागली. एका सकाळी म्हणाली, "वही बघ रे, चौदा आणि पंधरा तीन आठवडे मागेच आहेत." बाकीच्या ओळी 22 च्या आसपास, या दोन 18.5 वर. मला वाटलं ठिबक तुंबलं असेल. सगळे ड्रीपर तपासले, ठीक होते. मग वाटलं घडांचं ओझं जास्त झालं, म्हणून विरळणी केली. फरक नाही. पुढच्या पंधरवड्यात बुडाकडची जुनी पानं लाल पडली, शिरा मात्र हिरव्या राहिल्या, कडा खाली वळल्या. एक पान मी बराच वेळ हातात धरून उभा होतो. पालाशची कमतरता असेल अशी आशा होती. प्रयोगशाळेत नमुने पाठवले, उत्तर आलं लीफरोल विषाणू, पानांच्या कडा वळवणारा आणि मण्यांत साखर भरणं मागे पाडणारा.

याला औषध नाही. ज्यावर कलम बांधतात तो मुळाचा खुंट कितीही उत्तम असो, कलमाची काडी रोगट असेल तर रोग तिच्यासोबत बागेत येतो, आणि मग पिठ्या ढेकूण ही कीड तो वेलीवरून वेलीवर नेते. खोडाची सुटलेली साल ताईने नखाने उचलली तेव्हा खाली पांढरे कापसासारखे पुंजके होते आणि मुंग्यांची रांग वर चालली होती. मुंग्या ढेकणांची राखण करतात, म्हणून त्यांचाही बंदोबस्त करावा लागला. 37 वेली मुळासकट काढल्या. पानांवरून कळेपर्यंत थांबलो असतो तर शेजारच्या ओळींकडे लक्ष जायला आणखी एक हंगाम गेला असता. वहीतल्या आकड्यांनी ते आधी दाखवलं.

डिजिटल घ्यावा का, असं काही जण विचारतात. रोज शेकडो नमुने असतील, किंवा डोळ्यांना बारीक खुणा दिसत नसतील, तर जरूर घ्या. आमच्याएवढ्या बागेला हा पुरतो. बरोबर डिस्टिल्ड पाण्याची बाटली, एक ड्रॉपर आणि ओळींचे रकाने आखलेली वही मात्र हवी.

चौदा-पंधरामध्ये आता विषाणूची तपासणी झालेली कलमं लावली आहेत. पहिली दोन वर्षं त्यांच्यावर घड ठेवायचे नाहीत, म्हणून ताईने वहीत ते दोन रकाने आखून कोरे सोडले आहेत.