ओपन हाऊस की दर मीटिंगला दोन पाहुणे?

टोस्टमास्टर्स म्हणजे लोकांसमोर बोलायचा सराव करायचा क्लब, त्यात मेंबर वाढवायचे म्हटलं की हाच वाद. ओपन हाऊस म्हणजे हॉल, बॅनर, वडापाव, बाहेरचा भारी वक्ता, गर्दी होते पण ती बघायला आलेली असते, दुसऱ्या दिवशी फोन केला की "बघतो, कळवतो". हां, नवीन क्लबला चार्टरसाठी, म्हणजे अधिकृत मान्यतेसाठी, २० मेंबर लागतात, तेव्हा एकदम माणसं जमवायला हे बरं पडतं.

दुसरा प्रकार संथ. ओळखीतल्या कुणाला तरी आणायचं आणि टेबल टॉपिक्सला उभं करायचं, विषय तिथेच मिळणार, बोलायचं १ ते २ मिनिटं. परवा एक काका आले, विषय 'तुमची पहिली सायकल', कागद धरलेला हात थरथरत होता, १ मिनिटाला हिरवा दिवा (म्हणजे किमान वेळ झाली) लागला तर गप्पच बसले, त्यांना वाटलं वेळ संपली :) सगळे म्हणाले बोला बोला, मग लाल दिवा लागून गेला तरी थांबेनात. फी त्याच दिवशी भरली त्यांनी.

माझं मत दुसऱ्याला. फक्त फी सहा-सहा महिन्यांची असते हे आधीच सांगा, शेवटी सांगितलं की माणूस बिचकतो.