वाइड लेन्सचे काळवंडलेले कोपरे: प्राइम घ्यावी की झूम?

२० एमएम एफ/१.८ प्राइम (झूम न होणारी लेन्स) की १६-३५ एमएम एफ/२.८ झूम (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं), असा पेच पडला की बरेच जण चाचण्यांमधले आकडे बघून प्राइमला नावं ठेवतात: पूर्ण उघडली की हिचे कोपरे जास्त काळवंडतात. खरंय, पण ही बरोबरीच चुकीची. प्राइम एफ/२.८ वर आणा, झूम २० एमएमवर ठेवा आणि मग कोपरे बघा. तिथे झूम पूर्ण उघडी असते, प्राइम मात्र सव्वा स्टॉप बंद झालेली असते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). बहुतेक वेळा प्राइमचेच कोपरे उजळ निघतात.

असं का होतं ते हातात लेन्स घेऊन बघता येतं. अपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र, पूर्ण उघडं ठेवून ती उजेडाकडे धरा. समोरून छिद्र गोल दिसेल. हळूहळू तिरकी करा, तोच गोल दोन्ही बाजूंनी कापला जाऊन बदामासारखा होतो. कोपऱ्याकडे जाणाऱ्या किरणांना एवढीच वाट मिळते. आता दोन स्टॉप बंद करून तशीच तिरकी धरा. छिद्र लहान असेल, पण बऱ्यापैकी अखंड दिसेल.

एवढं करूनही थोडा काळोख उरतो, तो भूमितीचा. किरण जितका तिरका, तितका उजेड त्या कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो. निव्वळ या हिशोबाने फुल फ्रेमच्या (३६×२४ मिमी सेन्सरच्या) टोकाच्या कोपऱ्यात ३५ एमएमला साधारण १ स्टॉप, २४ ला १.७ आणि १६ ला तब्बल ३ स्टॉप जातात. एसएलआर कॅमेऱ्यातल्या आरशाला जागा मिळावी म्हणून आलेल्या, मागचं भिंग सेन्सरपासून लांब ठेवणाऱ्या रेट्रोफोकस रचनेत हा तोटा बराच कमी होतो. छोट्या, सममितीच्या जवळ जाणाऱ्या जुन्या वाइड लेन्स सरळ रेषा सुंदर राखतात, पण कोपऱ्यांत त्याची किंमत मोजतात. झाइसच्या १५ एमएम होलोगॉनला तर मधे गडद असलेला फिल्टर लावत, त्यात २ स्टॉप जात.

“सॉफ्टवेअरमध्ये उजळून घेऊ” हे दिवसा चालतं. रात्रीच्या आकाशाला मला ते पटत नाही. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० वर काढलेल्या फोटोचे कोपरे २ स्टॉप वर उचलले, की तिथला नॉइज (दाणेदारपणा) १२८०० सारखा दिसतो, आणि अंधुक तारे त्यातच बुडतात.

म्हणून तारे टिपायचे असतील तर बेधडक प्राइम घ्या. एफ/१.८ वर कोपरा काळा दिसला तरी त्याच लेन्सच्या एफ/२.८ पेक्षा तिथे कमी उजेड पडत नाही. मध्यभाग जास्त उजळल्याने तो तसा वाटतो. ट्रायपॉडवर एफ/८ ला निसर्गचित्रं काढणार असाल तर झूम घ्या, हा मुद्दा यादीतून काढूनच टाका. पॅनोरमा जोडणाऱ्यांनी मात्र कोपरे तपासावेत, नाहीतर आकाशात पट्टे उमटतात. १६ एमएमवर जाड कडेचा पोलरायझर फिल्टर लावल्याने कोपरे कापले गेले, तर तो दोष लेन्सचा नव्हे.

स्वतः तपासताना एकसारख्या उजेडातली पांढरी भिंत घ्या, फोकस अनंतावर ठेवा आणि कॅमेऱ्यातलं लेन्स करेक्शन (कोपरे आपोआप उजळणारी सोय) आधी बंद करा.