घरच्या अल्बमला सॅम्पल की सिंथ?

भाचीला घरीच इलेक्ट्रॉनिक पॉप अल्बम करायचाय. भर सॅम्पलवर, म्हणजे मुद्रित आवाजांच्या तुकड्यांवर द्यावा, की सिंथवर, म्हणजे आवाज नव्याने घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर, इथे तिचं अडलंय.

खर्च सारखाच: आवाज टिपायचं-कापायचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी फुकट, संगणकावर चालणाऱ्या व्हायटल सिंथची साधी आवृत्तीही फुकट.

खरी मेख हक्कांची. दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा उचलला, तर ध्वनिमुद्रण आणि चाल दोन्हींची परवानगी लागते. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं टिकतो. म्हणून आवाज स्वतः टिपावेत. कुकरची शिट्टी, लोकलचा खडखडाट! तो जिवंतपणा सिंथमधून काढणं फार कठीण. पण सॅम्पलचा सूर फार वर-खाली नेला की आवाज बिघडतो. सिंथ प्रत्येक सप्तकात नीट वाजतो, फक्त शिकायला वेळ खातो.

आधी चाल सुचत असेल तर सिंथ. आवाज वेचायची हौस असेल तर सॅम्पल.