शोचे कपडे धुवायला ईझी, व्हॅनिश आणि सॅडल सोप: वापरून काय वाटलं

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. घरात शो जंपिंग (घोड्यावरून अडथळे ओलांडायची स्पर्धा) करणारी मुलगी असेल आणि पांढरी ब्रीचेस म्हणजे घोडेस्वारीची घट्ट पँट, नेव्ही ब्लू कोट, पांढरा शर्ट, स्टॉक टाय म्हणजे गळ्याला बांधायचा पांढरा पट्टा, लाँग बूट हा सगळा संसार तुमच्याकडे असेल तर गोदरेजच्या ईझी या कपडे धुवायच्या लिक्विडची एक बाटली सगळ्यात जास्त कामाची आहे. त्याखालोखाल व्हॅनिशची ऑक्सिजनवाली पावडर, पण ती फक्त पांढऱ्याला, आणि चामड्याला फीबिंग्जचा सॅडल सोप, म्हणजे सॅडल (खोगीर), बूट साफ करायचा साबण. तिन्ही आपापल्या जागी मस्त आहेत, फक्त एकीचं काम दुसरीला द्यायचं नाही, लोकर व्हॅनिशमध्ये बुडवली किंवा सॅडल सोप कपड्याला लावला तर वस्तू चांगली असून उपयोग नाही.

हे कपडे महाग असतात आणि पटकन दुसरे मिळतही नाहीत, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. 2023 मध्ये हांगझाऊच्या एशियन गेम्समध्ये आपल्या चौघांनी ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून शिस्तीत चाली करून घ्यायच्या प्रकाराचं, टीम गोल्ड घेतलं, 1982 नंतर घोडेस्वारीतलं पहिलं गोल्ड, आणि त्यात आपल्या मुंबईचा हृदय छेडा होता. ते बघताना डोळ्यात पाणी आलं आणि त्याच वेळी त्यांच्या त्या पांढऱ्याशुभ्र ब्रीचेस बघून वाटलं की यांच्या मागे कोणीतरी रात्री बसून हे धुतलंय.

तर ब्रीचेस. यावर नुसती माती नसते हो. घोड्याचा घाम, खरारा करताना उडालेले केस, लसूणघास खाऊन झालेली हिरवी लाळ, सॅडलचं तेल, वॉर्मअप रिंगमधली धूळ, आणि यातला प्रत्येक डाग वेगळ्या जातीचा. घाम आणि लाळ यात प्रोटीन असतं, ते गरम पाण्यात टाकलं की धाग्यात पक्कं बसतं, म्हणून पहिलं पाणी कायम गार. पण त्याच्याही आधी कपडा कोरडा असताना झटकायचा. रबरी हातमोजा घालून एकाच दिशेनं हात फिरवला की केस गोळा होऊन येतात, नाहीतर तेच केस मशीनमध्ये जाऊन पुढच्या धुण्यातल्या सगळ्या कपड्यांना चिकटतात. चिखल असेल तर पूर्ण वाळू द्यायचा आणि मऊ ब्रशनं काढायचा, ओला चिखल घासला की तो आत जातो. मग ब्रीचेस उलटी करायची, बादलीत गार पाणी, त्यात ईझी, थोडा वेळ भिजवून हातानं हलकं चोळायचं किंवा मशीनला जेंटलवर टाकायची, पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि सावलीत वाळवायची.

ईझी मुळात स्वेटरसाठी घेतात लोक, पण मला ती ब्रीचेसला आवडते कारण नेहमीच्या पावडरीसारखी कडक नाही आणि धुतल्यावर पांढरा थर राहत नाही. एक गोष्ट मात्र बघून घ्या, बाटलीवर कंडिशनर असं लिहिलंय का ते. लिहिलं असेल तर ती लोकरीला ठीक आहे, ब्रीचेसला नको. कंडिशनर किंवा सॉफ्टनर धाग्यावर पातळ थर सोडतं, त्यानं घाम शोषायचं काम थांबतं, आणि गुडघ्याला किंवा सीटला जी सिलिकॉनची ग्रिप असते ती बुळबुळीत होते, मग पैसे कशाचे दिले आपण. सिलिकॉनवर इस्त्री तर अजिबात नाही. ज्यांच्या ब्रीचेसला खऱ्या स्वेडची (मऊ, लव असलेल्या चामड्याची) सीट आहे त्यांनी लेदरसाठी मिळतं ते वेगळं लिक्विडच वापरा, व्हॅनिश तिच्या जवळही नेऊ नका.

सॅडलचा तपकिरी डाग हा सगळ्यात चिवट, कारण त्यात तेल आणि चामड्याचा रंग दोन्ही असतात. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटानं डागावर लावून थोडा वेळ ठेवायचा आणि मगच धुवायला टाकायचं, तेल निघतं, रंग थोडा राहतो, तो पुढे व्हॅनिशनं जातो. आणि खरं सांगू का, हा डाग धुण्यापेक्षा न पडू देणं सोपं आहे. शोच्या आदल्या रात्री उत्साहानं सॅडलला तेल पाजतात ना, ते चार दिवस आधी करा, तेल मुरू द्या आणि सकाळी कोरड्या फडक्यानं पुसा. घोड्याची देखभाल करणाऱ्या सईसमामांना आधीच सांगून ठेवायचं, ते बिचारे सॅडल चमकावी म्हणूनच करत असतात.

आता व्हॅनिश. तिच्यात सोडियम परकार्बोनेट असतं, पाण्यात गेलं की हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि तेच डागाचा रंग घालवतं, म्हणून कोमट पाण्यात ती चांगली चालते, अगदी गार पाण्यात सुस्त पडते. यामुळे क्रम असा, आधी गार पाणी आणि ईझीनं घाम-लाळ काढून टाकायची, आणि डाग राहिलाच तर लेबलवर चालतं का बघून कोमट पाण्यात व्हॅनिश. हिरव्या लाळेचा डाग, शर्टाच्या काखेतला पिवळेपणा, ब्रीचेसच्या बुडाचा मळकटपणा, तिन्ही ठिकाणी फरक दिसतो. पण साधं क्लोरीनवालं ब्लीच नका हो टाकू, पांढऱ्याला ब्लीच ही सवय असते आपल्याकडे, पण ब्रीचेसमध्ये जो ताणणारा धागा असतो तो ब्लीचनं खराब होतो आणि पांढरं व्हायच्या ऐवजी पिवळं पडतं. नीळसुद्धा फक्त सुती स्टॉक टायला, सिंथेटिकवर तिचे ढग उठतात.

आणि पाणी! आमच्याकडे पुण्यात ज्या सोसायट्यांना टँकर किंवा बोअरचं पाणी आहे तिथे कितीही चांगलं लिक्विड आणा, पांढरं करडंच होत जातं कारण पाण्यात क्षार. शेवटचं खळबळणं तरी नळाच्या पाण्यात करा. आरओचं वाया जाणारं पाणी कपड्यांना वापरायची पद्धत आहे, फरशीला वापरा, याला नको, त्यात क्षार उलट जास्त असतात.

कोटाचं वेगळं प्रकरण आहे. आधी आतलं लेबल वाचा कारण कोट दोन प्रकारचे असतात. जुना लोकरीचा असेल तर तो धुवायचाच नाही, प्रत्येक शोनंतर हँगरला टांगून हवा द्यायची, कपड्याच्या ब्रशनं वरून खाली झाडायचा, कॉलरवरचा डाग ओल्या फडक्यावर ईझीचा थेंब घेऊन टिपायचा, आणि सीझन संपल्यावर एकदा पेट्रोल वॉशला द्यायचा. हल्लीचे पातळ, ताणणारे टेक्निकल कोट मात्र गार पाण्यात बिनधास्त धुता येतात, चेन आणि बटणं लावून, उलटा करून, जाळीच्या पिशवीत घालून. आणि इस्त्रीला बाहेर देऊ नका. आमच्या भागातल्या एका लाँड्रीत टेक्निकल कोट दिला होता, सांगून दिला होता की हलकी इस्त्री, तरी कडक इस्त्री फिरवली आणि कॉलरवर कायमची चकाकी आली, तो कोट अजून घालतो आम्ही पण उन्हात दिसतं ते. घरी वाफेची इस्त्री लांबून धरली तरी पुरतं, लोकरीच्या कोटाला करायचीच असेल तर मध्ये ओला पंचा ठेवून.

स्टॉक टाय सोपी, सुती असते, ईझी, थोडी नीळ, थोडा स्टार्च, झालं. पिन काढून ठेवा तेवढी, ओल्या कापडात राहिली आणि गंजली तर तो डाग ब्लीचनं आणखी पक्का होतो, त्याला लिंबू. हेल्मेटचं आतलं अस्तर निघत असेल तर काढून हातानं धुवायचं, बाहेरून फक्त पुसायचं, आणि हेल्मेट उन्हात उभ्या गाडीत सोडायचं नाही, आतला फोम उष्णतेनं खराब होतो आणि ते डोक्याचं काम आहे.

राहिला फीबिंग्जचा सॅडल सोप. अमेरिकेतल्या मिलवॉकीची 1895 पासूनची कंपनी, टिनचा डबा येतो, किराणात मिळणार नाही, ऑनलाइन मागवावा लागतो, पण एक डबा भरपूर पुरतो कारण लागतोच नखाएवढा. ओला स्पंज चांगला पिळून घ्यायचा, डब्यात फिरवायचा, फेस आला की बूट गोल गोल पुसायचे, चिखल आणि घाम दोन्ही सुटतात. नंतर स्वच्छ ओल्या फडक्यानं तो साबण नीट पुसून काढायचा, हे महत्त्वाचं, साबण शेवटी साबणच आहे, राहिला की चामडं कोरडं पडतं. मग चामड्याचं कंडिशनर आणि त्यावर पॉलिश. पॉलिश फक्त बाहेरच्या बाजूला हं, पोटरीच्या आतल्या बाजूला, जी घोड्याला लागते तिथे पॉलिश केलं तर पाय घसरतो आणि सॅडल काळी होते. चामड्याचे हातमोजे पण याच साबणानं, हातात घालून, थोड्या फेसात.

बूट ओले झाले तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, ओले झाले की बदलत राहायचे, उन्हात किंवा हीटरपुढे ठेवायचे नाहीत, तडे जातात. आपल्याकडे शो बहुतेक हिवाळ्यात असतात आणि मग पावसाळ्यात सगळं कपाटात बंद, तिथेच घात होतो. बुटांवर बुरशी आणि लोकरीच्या कोटाला कसर. मे महिन्यातच सगळं धुऊन, खडखडीत वाळवून ठेवायचं, कारण कसर घामाच्या डागांवर आधी येते. लाँड्रीची प्लास्टिकची पिशवी काढून टाकायची आणि जुन्या सुती चादरीचं कव्हर घालायचं, बुटात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, आणि पाऊस उघडला त्या दिवशी कपाट उघडून पंख्याखाली सगळं बाहेर काढायचं. बुरशी दिसलीच तर घरात झटकू नका, गॅलरीत नेऊन कोरड्या फडक्यानं पुसा, ते फडकं टाकून द्या आणि मग सॅडल सोप.